एप्रिलमध्ये हरणारी टीम खरंच वाईट असते का? यांकीज, रेड सॉक्स आणि १६२ मॅचेसचा हिशोब

अमेरिकेतला बेसबॉल सीझन मार्चच्या शेवटी सुरू होतो आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत न्यूयॉर्क किंवा बोस्टन यापैकी एका शहरात रडारड चालू झालेली असते. कधी दोन्ही शहरांत. मॅनेजरला (म्हणजे टीमच्या मुख्य कोचला) काढा, हा प्लेअर संपलाय, त्याला एवढे पैसे कुणी दिले, मालक काय झोपलाय का, वगैरे. न्यूयॉर्क यांकीज आणि बोस्टन रेड सॉक्स या दोन टीम्सचं वैर शंभर वर्षं जुनं आहे, त्यामुळे इकडची टीम हरली की तिकडचे लोक पेढे वाटायच्या मूडमध्ये, आणि दोन्ही एकदम हरायला लागल्या की बाकीची अमेरिका खूश. पण या सगळ्या गोंधळात खरा प्रश्न असा आहे की पहिल्या दहा-बारा किंवा तीस मॅचेसवरून टीम कशी आहे हे कळतं का. थोडक्यात उत्तर, फारसं कळत नाही. पण म्हणून त्या मॅचेसना किंमत नाही असंही नाही, आणि लोकांचा गोंधळ नेमका इथेच होतो.

आधी थोडी रचना सांगतो, ज्यांना माहितीये त्यांनी पुढे उडी मारा. मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० टीम्स, दोन लीग, प्रत्येक लीगमध्ये पाच-पाच टीम्सच्या तीन डिव्हिजन. यांकीज आणि रेड सॉक्स दोघं अमेरिकन लीग ईस्टमध्ये, सोबत टोरंटो, बाल्टिमोर आणि टॅम्पा बे. प्रत्येक टीम सहा महिन्यांत १६२ मॅचेस खेळते, म्हणजे जवळजवळ रोज. डिव्हिजन जिंकली की प्लेऑफ, नाहीतर वाइल्ड कार्ड, म्हणजे डिव्हिजन न जिंकलेल्यांतले बरे रेकॉर्डवाले. आता प्रत्येक लीगमधून सहा टीम्स जातात, २००५ किंवा २०११ मध्ये चारच जायच्या, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. रेकॉर्ड लिहितात ११-१९ असा, आधी जिंकलेल्या, मग हरलेल्या, ड्रॉ वगैरे भानगड नाही. आणि "किती गेम्स मागे" हा आकडा सारखा ऐकू येतो, तो काढायचा म्हणजे दोन टीम्सच्या विजयांतला फरक अधिक पराभवांतला फरक, भागिले दोन. २९ मे २००७ ला रेड सॉक्स ३६-१५ आणि यांकीज २१-२९, म्हणजे विजयांत १५ चा फरक, पराभवांत १४ चा, बेरीज २९, निम्मे साडेचौदा. साडेचौदा गेम्स मागे म्हणजे मे महिन्यातच तेरावा घातल्यासारखं. त्या वर्षाचं पुढे येतोच.

आता मुद्दा. आपल्याला सवय आयपीएलची, तिथे साखळीत १४ मॅचेस, त्यामुळे चार हरलो की घाम फुटतो, आणि तरी मुंबई इंडियन्सने २०१५ मध्ये पहिल्या चारही हरून शेवटी ट्रॉफी उचलली होती. बेसबॉलमध्ये १२ मॅचेस म्हणजे सीझनचा सात-साडेसात टक्के भाग, आयपीएलच्या मापाने जेमतेम एक मॅच. एका मॅचवरून कुणी टीमचं वर्ष ठरवत नाही, पण १२ हा आकडा मोठा वाटतो, आणि त्या दोन आठवडे रोज रात्री डोळ्यांसमोर घडलेल्या असतात, म्हणून माणूस फसतो.

त्यात बेसबॉलमध्ये एका मॅचचा निकाल हा खूपच बेभरवशाचा प्रकार आहे. भारी टीमसुद्धा दहातल्या साधारण सहाच जिंकते. १९९८ ची यांकीज टीम इतिहासातल्या सगळ्यात जबरदस्त टीम्समध्ये धरतात, ११४-४८, म्हणजे ती पण ४८ वेळा हरलीच की. आणि गंमत म्हणजे त्या टीमने सीझनची सुरुवात केली ती पहिल्या तीन मॅचेस हरून, पाच मॅचेसनंतर १-४, आणि न्यूयॉर्कच्या पेपरांत मॅनेजर जो टोरीची नोकरी राहते की जाते यावर चर्चा सुरू. शेवटी वर्ल्ड सीरिज, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधली फायनल, जिंकली, तीही त्यात एकही मॅच न हरता.

गणित करून बघू. समजा ३० च्या ३० टीम्स अगदी सारख्या आहेत, प्रत्येक मॅच म्हणजे नाणेफेक. नाणं १२ वेळा उडवलं तर चार किंवा त्याहून कमी वेळा छापा पडण्याची शक्यता १९ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे काहीही कारण नसताना, कुणाचं काही बिघडलेलं नसताना, ३० पैकी पाच-सहा टीम्सची सुरुवात ४-८ किंवा त्याहून वाईट होणारच. त्या पाच-सहा शहरांत मग पेपरवाले कारणं शोधणार, कुणाला ड्रेसिंग रूममधलं भांडण सापडणार, कुणाला मॅनेजरचा चेहरा थकलेला दिसणार. कारण नसतं हो दर वेळी. पण "योगायोग आहे" अशी हेडलाइन कोण वाचणार.

आता टीमवरून प्लेअरवर या, तिथे तर अजूनच मजा. बॅटिंग ॲव्हरेज म्हणजे किती अॅट-बॅटमध्ये (थोडक्यात, किती वेळा बॅटिंगला उभा राहिला त्यात) किती हिट, म्हणजे बॉल मारून सुखरूप बेसवर पोचणं. ०.३०० म्हणजे उत्तम, ०.२०० म्हणजे घरी बसवायच्या लायकीचा. पण एप्रिलच्या मध्यात समजा ५० अॅट-बॅट झालेत, तर ०.३०० म्हणजे १५ हिट आणि ०.२०० म्हणजे १०. फरक पाच हिटचा. दोन-अडीच आठवड्यांत पाच वेळा बॉल फील्डरच्या सरळ हातात गेला का त्याच्या दोन फूट बाजूने गेला, एवढ्यावर हिरो का झिरो ठरतं. डेरेक जीटर, यांकीजचा कॅप्टन, २००४ च्या एप्रिलमध्ये सलग ३२ अॅट-बॅट एकही हिट नाही. स्वतःच्या मैदानावर लोकांची हुर्यो ऐकायला लागली. वर्षअखेरीस ०.२९२ आणि २३ होम रन्स (होम रन म्हणजे बॉल थेट मैदानाबाहेर, आपल्या सिक्सरसारखा), म्हणजे नेहमीचा जीटर.

तिकडे बोस्टनच्या डेव्हिड ऑर्टिझचं २००९ मध्ये त्याहून वाईट झालं. हा होम रन मारण्यासाठीच टीममध्ये असलेला माणूस, आणि पहिला होम रन आला २० मे ला, तोपर्यंत जवळपास १५० अॅट-बॅट होऊन गेलेले. १ जूनला ॲव्हरेज ०.१८५. सगळ्यांनी त्याला निवृत्त करून टाकलं होतं. सीझनच्या शेवटी आकडे काय, तर २८ होम रन्स आणि ९९ आरबीआय, म्हणजे त्याच्या बॅटिंगमुळे आलेले ९९ रन. बरं यातून लोक शिकले का, तर नाही, कारण २०१० च्या एप्रिलमध्ये त्याचं ॲव्हरेज ०.१४३ झालं आणि तीच पिपाणी परत वाजायला लागली. त्या वर्षी ३२ होम रन्स, १०२ आरबीआय. यानंतर तो अजून सहा सीझन खेळला.

पण या प्रकारातला माझा सगळ्यात आवडता किस्सा मारियानो रिव्हेराचा आहे, २००५ चा. रिव्हेरा यांकीजचा क्लोजर, म्हणजे टीम थोड्या फरकाने पुढे असताना शेवटच्या इनिंगला येऊन मॅच बंद करणारा पिचर (बॉल टाकणारा), आणि या कामात त्याच्यासारखा कुणी झाला नाही असं जवळपास सगळे मानतात. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये रेड सॉक्सनी यांकीजविरुद्ध ०-३ वरून ४-३ अशी सीरिज फिरवली होती, त्यात रिव्हेराने दोन वेळा पुढे असलेली मॅच हातातून घालवली होती, आणि त्या जोरावर बोस्टनने ८६ वर्षांनी वर्ल्ड सीरिज जिंकली. पुढच्या सीझनची सुरुवात यांकी स्टेडियममध्ये, समोर परत रेड सॉक्स. पहिली मॅच यांकीजनी ९-२ ने घेतली. ५ एप्रिलला दुसरी, नवव्या इनिंगला रिव्हेरा आला, जेसन व्हॅरिटेकने होम रन मारून बरोबरी केली, पण इनिंगच्या खालच्या हाफमध्ये, म्हणजे यांकीजची बॅटिंग आल्यावर, जीटरने होम रन मारला आणि यांकीज ४-३ जिंकले. ६ एप्रिलला परत रिव्हेरा, परत घोळ, त्या इनिंगला बोस्टनचे पाच रन, त्यात एक एरर सोबतच्या फील्डरची, रेड सॉक्स ७-३. न्यूयॉर्कच्या लोकांनी रिव्हेराला बू केलं, रिव्हेराला!

मग ११ एप्रिलला बोस्टनच्या फेनवे पार्कमध्ये त्यांची घरची पहिली मॅच, त्याच दिवशी चॅम्पियनशिपच्या अंगठ्या वाटायचा सोहळा, आणि पाहुणी टीम कोण तर यांकीज. पाहुण्या प्लेअर्सची नावं पुकारायला सुरुवात झाली, प्रत्येकाला बू, आणि रिव्हेराचं नाव आल्यावर मात्र सगळं स्टेडियम टाळ्या वाजवून, ओरडून स्वागत करायला लागलं, थँक्यू बाबा तुझ्यामुळे जिंकलो या अर्थाने. रिव्हेरा हसत सुटला, टोपी काढून अभिवादनच केलं त्याने. त्या दिवशी हजारो लोकांची खात्री होती की हा माणूस आता संपला. त्या सीझनचे त्याचे आकडे: ४३ सेव्ह (म्हणजे आघाडी राखून संपवलेल्या मॅचेस), इआरए १.३८, म्हणजे नऊ इनिंगमागे दीड रनसुद्धा नाही. सबंध वर्षात त्याने चार मॅचेसमध्ये आघाडी घालवली आणि त्यातल्या दोन पहिल्याच आठवड्यात, लागोपाठ, त्याच टीमविरुद्ध आल्या. जुलैत कुठेतरी विखरून आल्या असत्या तर कुणाच्या लक्षातही राहिल्या नसत्या.

सगळंच नशीब असंही नाहीये हं. एप्रिलमध्ये काही खरी कारणं पण असतात, फक्त ती टिकाऊ नसतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळे फ्लोरिडा किंवा ॲरिझोनाच्या उन्हात सराव करतात, यांकीज टॅम्पाला, रेड सॉक्स फोर्ट मायर्सला, आणि तिथून एकदम बोस्टनच्या एप्रिलमध्ये, जिथे रात्रीच्या मॅचला पाच-सात डिग्री तापमान ही काही विशेष गोष्ट नाही. थंड हवा जड असते, तिच्यात बॉल काही फूट कमी जातो, आणि काही फूट म्हणजे होम रन आणि कॅच आउटमधला फरक. थंडीत बॉल बॅटच्या चुकीच्या जागी लागला की हाताला झिणझिण्या येतात. पिचर्सच्या बोटांना ग्रिप मिळत नाही, बऱ्याच जणांचा पूर्ण वेग मे-जूनपर्यंत येत नाही. शिवाय दुखापती, आणि एप्रिलमधल्या दुखापती वाईट कारण अजून बदली माणूस तयार नसतो.

२००७ च्या यांकीजचं हेच झालं. चिएन-मिंग वांग, माइक मुसिना जखमी, पहिल्या मॅचचा पिचर कार्ल पवानो दोन मॅचनंतर जो गेला तो गेलाच, मग काल-परवा मायनर लीगमध्ये (खालच्या दर्जाच्या लीगमध्ये) खेळणारी पोरं आणून उभी केली. २२ एप्रिलला फेनवेवर चेस राइट नावाचा नवखा पिचर होता, त्याला रेड सॉक्सनी लागोपाठ चार होम रन्स मारले, रामिरेझ, ड्रू, लोवेल, व्हॅरिटेक, एकामागे एक. पोराची करिअरमधली दुसरी मॅच होती ती. आणि याच महिन्यात अॅलेक्स रॉड्रिगेझने १४ होम रन्स मारले होते, अक्षरशः देवासारखा खेळत होता, तरी टीम एप्रिलअखेर ९-१४. एकटा बॅटर किती ओढणार. मे मध्ये ४४ वर्षांच्या रॉजर क्लेमेन्सला परत बोलावलं, २.८ कोटी डॉलरच्या वार्षिक दराने, घोषणा मालकाच्या बॉक्समधून माइकवर. पण खरा फरक पडला तो पिचर्स बरे होऊन परत आल्यामुळे, असं माझं मत. शेवट ९४-६८, वाइल्ड कार्ड मिळालं. रेड सॉक्स ९६-६६. साडेचौदाचा फरक दोनवर आला होता, पण डिव्हिजन बोस्टनचीच आणि त्या वर्षीची वर्ल्ड सीरिजही.

आता मॅनेजरला काढण्याबद्दल, कारण वाईट सुरुवातीवरचा हा सगळ्यांचा लाडका उपाय. १९८५ मध्ये यांकीजचे मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर यांनी सांगितलं होतं की योगी बेरा पूर्ण सीझन मॅनेजर राहणार, आणि १६ मॅचेसनंतर, ६-१० असताना, काढून टाकलं. तेही स्वतः न सांगता दुसऱ्या माणसाला पाठवून. योगी म्हणजे यांकीजचं दैवत, त्याने रागावून जवळजवळ १४ वर्षं यांकी स्टेडियममध्ये पाऊल ठेवलं नाही, १९९९ मध्ये समेट झाला. त्याच्या जागी आला बिली मार्टिन, आणि उरलेल्या मॅचेसमध्ये टीम ९१-५४. मग लोक म्हणणारच, बघा, काढलं म्हणून सुधारले. पण थांबा. टीम मुळात चांगली असेल आणि सुरुवात नशिबाने वाईट झाली असेल, तर पुढे ती तिच्या नेहमीच्या पातळीवर येणारच, खुर्चीत योगी असो, बिली असो नाहीतर गेटवरचा वॉचमन. मॅनेजरला काढतात तेच मुळी टीम तळाला गेल्यावर, आणि तळातून पुढचा रस्ता बहुतेक वरच जातो, त्यामुळे नवीन माणसाला आयतं श्रेय मिळतं. २०२२ मध्ये फिलाडेल्फियाने २२-२९ असताना जो जिरार्डीला काढलं आणि रॉब थॉमसनच्या हाताखाली तीच टीम थेट वर्ल्ड सीरिजला पोचली. थॉमसन चांगला आहेच, पण २०१९ ची वॉशिंग्टन नॅशनल्स १९-३१ वर अडकली होती, तिथेही मॅनेजरला काढा म्हणून ओरड होती, काढला नाही, आणि तिने वर्ल्ड सीरिजच जिंकली.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल की मग एप्रिल सोडूनच द्यायचा. नाही ना. पहिले पराभव टीमबद्दल कमी सांगतात, पण ते खात्यावर कायमचे लागतात, एप्रिलचा पराभव सप्टेंबरच्या पराभवाएवढाच वजनदार. २०११ चे रेड सॉक्स घ्या. हिवाळ्यात तोडफोड खरेदी, कार्ल क्रॉफर्डला सात वर्षांचे १४.२ कोटी डॉलर, एड्रियन गॉन्झालेझला आणलं, सगळ्यांनी आधीच ट्रॉफी देऊन टाकलेली. पहिल्या सहा मॅचेस हरले, टेक्सासकडून तीन, क्लीव्हलंडकडून तीन, पहिला विजय मिळाला तो घरी यांकीजविरुद्ध. १२ मॅचेसनंतर २-१०. मग काय झालं, तर अपेक्षेप्रमाणे टीम सुधारली, ऑगस्टअखेर ८३-५२, सगळे म्हणाले एप्रिल विसरा. आणि सप्टेंबरमध्ये ७-२०. शेवटच्या रात्री, २८ सप्टेंबरला, बाल्टिमोरकडून ४-३ ने हरले, आणि तिकडे टॅम्पा बे यांकीजविरुद्ध ०-७ ने मागे असताना १२ इनिंगमध्ये ८-७ जिंकली. हिशोब: टॅम्पा ९१-७१, बोस्टन ९०-७२. एका मॅचने बाहेर. नंतर पेपरांत आलं की पिचर्स मॅच चालू असताना आत बसून फ्राइड चिकन खात होते, बिअर पीत होते, सगळं खापर त्या चिकनवर आणि सप्टेंबरवर फुटलं. पण त्या २-१० मध्ये एक मॅच जास्त, ३-९, एवढी भिकार सुरुवात केली असती तरी टॅम्पाशी बरोबरी होऊन एक जादा मॅच खेळायला मिळाली असती. ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

आणि त्याच वर्षी क्रॉफर्ड. तो पण एप्रिलमध्ये चाचपडत होता, त्याच्याबद्दल पण सगळे शहाणे म्हणत होते की थांबा, ऑर्टिझ आठवा. वर्षअखेर ०.२५५, कधी सावरलाच नाही बोस्टनमध्ये. म्हणजे थांबा म्हणणारे पण दर वेळी बरोबर नसतात.

मग ओळखायचं कसं? विजय-पराभवाआधी रन्स बघा, किती केले आणि किती दिले. एक-एक रनने हरणारी टीम आणि सात-सात रनने तुडवली जाणारी टीम, दोघींचा रेकॉर्ड ४-८ असू शकतो पण आजार वेगळा. मग बघा समोर कोण होतं, कोण जखमी आहे आणि कधी येणार. प्लेअरच्या बाबतीत ॲव्हरेज सोडा, तो बॉल किती जोरात मारतोय, किती वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन आउट) होतोय, पिचरचा वेग पडलाय का हे बघा, या गोष्टी लवकर खरं बोलतात. आणि कधीकधी टीम खरंच वाईट असते, त्याला काय करणार. १९८८ च्या बाल्टिमोरने सीझनच्या पहिल्या सलग २१ मॅचेस हरल्या, सहा मॅचेसनंतर मॅनेजर बदलला तरी पुढच्या १५ पण हरल्या, आणि शेवट ५४-१०७. उलटही होतं, २००३ ची कॅन्सस सिटी ९-० ने सुरू झाली, १६-३ पर्यंत गेली, गाव आनंदात, शेवटी ८३-७९ आणि तिसरा नंबर.

राहिला प्रश्न दोन वैरी टीम्स एप्रिलमध्ये एकमेकांशीच खेळतात त्या मॅचेसचा, कारण तिथे एक पराभव म्हणजे दोन बाजूंनी फटका, आपला एक पराभव वाढला आणि त्यांचा एक विजय. २००५ मध्ये यांकीज ११-१९ पर्यंत घसरले होते, २० कोटी डॉलरच्या वर पगार वाटणारी टीम. मग रॉबिन्सन कानो आणि वांग या दोन नव्या पोरांना संधी दिली, जेसन जियाम्बीला मायनर लीगमध्ये जाऊन फॉर्म शोध असं सुचवलं तर त्याने नकार दिला आणि जुलैत १४ होम रन्स मारले, टीम मे मध्येच सलग दहा जिंकून वर यायला लागली होती. शेवटच्या दिवशी यांकीज ९५-६७, रेड सॉक्स ९५-६७. दोघंही प्लेऑफमध्ये जाणार होतेच, त्यामुळे जादा मॅच नाही, आपसातल्या १९ मॅचेसमध्ये कोण पुढे यावर डिव्हिजन ठरली. यांकीज १०, रेड सॉक्स ९. म्हणजे ५ एप्रिलची ती मॅच, रिव्हेराने घालवलेली आणि जीटरने परत आणलेली, उलटी गेली असती तर डिव्हिजन बोस्टनची होती. झालं असं की रेड सॉक्सना वाइल्ड कार्ड म्हणून शिकागो व्हाइट सॉक्सकडे जावं लागलं आणि ०-३ ने मार खाऊन घरी यावं लागलं. यांकीज पण पहिल्याच राउंडला एंजल्सकडून हरले, तो भाग वेगळा. आता तर २०२२ पासून बरोबरी झाली की जादा मॅच नाहीच, सगळं आपसातल्या रेकॉर्डवर ठरतं, आणि २०२३ पासून डिव्हिजनमधल्या दोन टीम्स वर्षात १९ ऐवजी १३ वेळाच भेटतात.